कॉलेजात असताना कर्करोग तपासणीचा कार्यक्रम केलाय का कोणी? अनुभव लिहा

निळी शाई:
काल भाचीचा फोन. वर्गातल्या दहा-बारा जणी मिळून कर्करोग तपासणीची माहिती द्यायचा कार्यक्रम करताहेत. "मावशी, तुम्हीपण केलेला ना?" म्हणाली आणि सगळं डोळ्यांसमोर आलं.
आम्ही दारावर मोठ्या अक्षरांत 'कर्करोग तपासणी' लिहिलं होतं. दुपारपर्यंत एकही बाई आत आली नाही. शेवटी एक आजी म्हणाल्या, "अगं, या दारातून आत जाताना कोणी पाहिलं, तर मी घरी पोचायच्या आधी मला रोग झाल्याची बातमी पोचेल." लगेच कागद काढला. बाहेर वजन-बीपी, सगळ्यांची एकच रांग, आणि गर्भाशयमुखाचं आतल्या खोलीत. मग आल्या. जी ती म्हणे, "मला काही त्रास नाही, मग कशाला?" एचपीव्ही या विषाणूपासून गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा १५-२० वर्षं लागतात, तोवर काही दुखत-खुपत नाही, आणि तेव्हा सापडलं तर पेशींतला बदल वेळीच काढून टाकता येतो, हे सांगून सांगून घसा बसला.
तुमचंही लिहा. काय चुकलं ते आधी. भाचीला दाखवणार आहे.

दुपार:
आमचं तोंडाचं होतं. पुरुष मंडळी आ करायलाच तयार नाहीत. एक काका म्हणाले, दात खराब आहेत, लाज वाटते. मग आमचे सर स्वतः खुर्चीत बसले, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडात टॉर्च मारला. त्यानंतर काका उठले. दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, हे प्रत्येकाकडून म्हणवून घेत होतो. बस आली, उरलेलं नंतर

उंबरठा:
चुकलेलं लिही म्हणालीस म्हणून लिहिते, कुठे बोलले नाहीये. आमच्याकडे सिस्टर गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून तपासत होत्या. एका ताईंना पांढरा चट्टा दिसला. चिठ्ठी दिली, 'पुढील तपासणी करावी'. कुठे, कोणत्या वारी, सोबत कोण, काही नाही. फोटो काढले, आवराआवर केली, घरी गेलो. दोन महिन्यांनी मैत्रीण सहज त्यांच्याकडे गेली तर चिठ्ठी घड्याळामागे तशीच. "कोणाला विचारायचं तेच कळेना" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दोघी त्यांना घेऊन गेलो. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीचा पेशींतला बदल होता, उपचार झाले. पण ते दोन महिने अजून टोचतात. भाचीला सांग, तारीख नंतर ठरवा, पुढची तपासणी कुठे होणार ते आधी.

पाऊलवाट:
उंबरठा, नेलंत ना पण त्यांना. खूप आहे गं ते.

झरोका:
आमच्या फलकावर जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० मधलं ९०-७०-९०, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग हटवायला लस, तपासणी आणि उपचार किती टक्क्यांपर्यंत पोचवायचे ते उद्दिष्ट. फार अभिमान होता. एक काकू बराच वेळ बघून म्हणाल्या, "यातली मी कुठे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मधल्या ७० चा अर्थ ७० टक्के बायकांची चांगल्या प्रतीची चाचणी ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा. सगळं पुसून फक्त ३५ आणि ४५ लिहिलं, तेही हातभर मोठं.

रिकामं पान:
थोडं अवांतर, बहीण २४ ची आहे, तिची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करावी का? घरात कोणाला नाही.

पांढरी टोपी:
@रिकामं पान, काही जाणवत नसेल आणि घरात कोणाला नसेल तर या वयात नाही करत. तरुण वयात स्तनांची ऊती दाट असते, नीट दिसत नाही. नियमित मॅमोग्राफी ४० किंवा ५० पासून, देशोदेशी वेगळं. पण गाठ लागली तर वय न बघता लगेच डॉक्टरकडे, मग बहुधा सोनोग्राफी सांगतात.
आणि भाचीच्या पत्रकात हे आधीच छापा: मॅमोग्राफीला काखेत पावडर-डिओ लावून येऊ नका (फिल्मवर कॅल्शियमसारखे ठिपके दिसतात), पॅपला (गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी) पाळीच्या दिवसांत नको. आम्ही सांगितलं नव्हतं. तयारीनिशी आलेल्या बायकांना परत पाठवताना जीव तुटला. एकदा परत गेलेली बाई सहसा पुन्हा येत नाही.

रिकामं पान:
धन्यवाद ताई 🙏 तिला वाचून दाखवते

चकवा:
निळी शाई, तू वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर होतीस का? गोल गोल अक्षरात फलक लिहायचीस?

निळी शाई:
हो!! कोण गं तू?

चकवा:
आजीचं ऐकून तो कागद फाडणारी मीच. माझ्या विपूत (विचारपूस पानावर) ये.

दुपार:
पोचलो. तर ते काका. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला होता. सर स्वतः घेऊन गेले त्यांना. पुढच्या वर्षी तेच काका चौघांना हाताला धरून घेऊन आले, आणि पहिले आ करून तेच बसले.