अण्णांचा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार), मेडिकल बोर्डाने डिसेबिलिटी पेन्शन नाकारलं, आता काही होतं का?

कोयनाकाठचा:
नमस्कार मंडळी. अण्णा इन्फंट्रीतून २०१६ ला हवालदार म्हणून रिटायर झाले. जाताना रिलीज मेडिकल बोर्ड झाला त्यात सीओपीडी ३०% कायमस्वरूपी असं लिहिलंय, पण पुढच्या रकान्यात आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेला पण नाही. म्हणून फक्त सर्व्हिस पेन्शन चालू आहे. तेव्हा अण्णा म्हणाले मिळतंय ते बास, अपील केलंच नाही. आता घराचा जिना चढताना मध्येच थांबतात. इतक्या वर्षांनी काही होतं का? आणि खरं सांगतो, अण्णा बिडी ओढायचे, ते पण रेकॉर्डला आहे.

रिटायर्ड_सुभेदार:
जय हिंद. अण्णांना आधी विचार पोस्टिंग कुठं कुठं झाली. आम्ही वर बर्फातल्या डोंगरी पोस्टवर होतो तेव्हा बंकरमध्ये रात्रभर रॉकेलची बुखारी (शेगडी), बर्फामुळे दार बंद, सकाळी खाकरलं की बेडका काळा. बोर्डाच्या कागदावर हे कुठंच येत नाही कारण डॉक्टर विचारत नाही आणि जवान सांगत नाही, प्रत्येकाला घरी जायची घाई. युनिट, ठिकाण, वर्ष असं सगळं एका कागदावर लिहून काढ.

कोर्टकचेरी:
दादा, पहिलं काम म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाकून बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग मागवा, फक्त शेवटचं पान नको. त्यात 'सेवेमुळे नाही' यामागे कारण दिलंय का बघा. सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरती होताना कागदावर आजार नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार भरतीच्या वेळी सापडण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल तर कारण लिहायला पाहिजे. नुसता शिक्का चालत नाही. पहिलं अपील ६ महिन्यांत करायचं असतं, ते हुकलंय, तरी उशीर माफ करायचा अर्ज जोडून अपील टाका. तिथे नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा मुंबई बेंच. पेन्शन दर महिन्याला बुडतंय त्यामुळे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण केस टाकायच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते. म्हणजे जितका वेळ काढाल तितके पैसे गेले. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या नवीन नियमांचं कोणी घाबरवलं तर ऐकू नका, अण्णा त्याच्या आधीचे.

फौजीचं_पोर:
उगाच आशा लावू नका राव. नियमात स्पष्ट आहे, दारू-तंबाखूच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, ते स्वतःच्या हातातलं असतं म्हणून. आणि धरमवीर सिंग म्हणजे जादूची कांडी नाही, २०१९ ला नरसिंग यादवच्या केसमध्ये मानसिक आजाराबद्दल कोर्टाने उलटंच धरलं.

कोर्टकचेरी:
बरोबर आहे, बिडी हाच सरकारी वकिलाचा मुद्दा असणार. पण अतिरेक होता हे कागदावर दिसलं पाहिजे, नुसतं 'धूम्रपान करतो' एवढं पुरेसं नाही असं आपण मांडायचं. बिडी लपवू नका हं, पकडलं की सगळ्याच म्हणण्यावर पाणी. उलट आजार बिडीने आला असेल तरी तो वरच्या पोस्टिंगमध्ये वाढला, असा वेगळा मुद्दा घ्या, कारण 'वाढला' हे पण पुरतं. शेप वन (पूर्ण तंदुरुस्त) मधून लो मेडिकल कॅटेगरी (तब्येतीमुळे खालची श्रेणी) कधी झाली आणि त्याच्या आधी कुठं पोस्टिंग होतं हे बघा. तारखा जुळल्या तर अर्धं काम झालं.

कोयनाकाठचा:
खूप आभार ताई, सुभेदार साहेब. लो कॅटेगरी २०१२ ला झाली, त्याच्या आधी अण्णा दीड वर्ष वर होते!! एक विचारू, मिळालं तर किती?

कोर्टकचेरी:
पूर्ण १००% अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३०%, त्याच्याखाली त्या प्रमाणात. म्हणजे शेवटचा पगार ४०,००० धरला तर अण्णांच्या ३०% अपंगत्वावर महिना ३,६०० होतात. राउंडिंग ऑफ (म्हणजे अपंगत्वाचा टक्का वरच्या टप्प्याला धरणं) मिळालं, सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार केसनंतर ते नॉर्मल रिटायर झालेल्यांना पण लागू आहे, तर ५०% धरून ६,०००. वर महागाई भत्ता. अर्जात राउंडिंग ऑफ वेगळं मागा, न मागता कोणी देत नाही.

रिटायर्ड_सुभेदार:
आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीचा कागद) झेरॉक्स घेऊन जा, ओरिजिनल कोणाच्या हातात देऊ नको.