मदत हवी आहे: 'राजा' म्हणजे झळकणारा, रंजवणारा की दिशा दाखवणारा?

नमस्कार मंडळी,

शिवजयंतीला सातवी-आठवीच्या मुलांना राजमुद्रा समजावून सांगायची आहे. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' इथपर्यंत सगळं सरळ आहे, पण 'मुद्रा भद्राय राजते' इथे अडलेय. कुणी 'राजते'चा अर्थ 'शोभते' देतं, कुणी 'अधिकार गाजवते'. मुलं लगेच विचारणार, मग 'राजा' शब्दाचा अर्थ काय?

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'राजृ दीप्तौ' आहे, म्हणजे झळकणं. आपलं 'विराजमान' त्यातलंच. पण महाभारताच्या शांतिपर्वात पृथू या राजाने प्रजेचं रंजन केलं म्हणून त्याला राजा म्हटलं, असं येतं. रघुवंशात कालिदासही 'राजा प्रकृतिरञ्जनात्' म्हणतो. खरं सांगायचं तर मला हाच अर्थ मुलांपुढे ठेवावासा वाटतो, महाराजांना तो इतका शोभतो! पण व्युत्पत्ती म्हणून तो टिकेल का? आणि लॅटिनमधला 'रेक्स' (म्हणजे राजाच) याच शब्दाचा भाऊबंद, तो कसा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, रंजनाचा अर्थ जरूर सांगा, पण राजाचं कर्तव्य म्हणून. भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'रञ्ज्' हा वेगळा धातू आहे. जुन्या ग्रंथांत अशी निर्वचनं, म्हणजे शब्दाची फोड करून दिलेले अर्थ, शब्दाचं मूळ शोधण्यापेक्षा त्यातून काय शिकायचं ते सांगण्यासाठी येतात, आणि पृथूच्या कथेत ते फार सुंदर साधलंय.

'रेक्स'चं नातं मात्र पक्कं आहे. प्रत्यय काढल्यावर उरणारं त्याचं मूळ रूप 'रेग्-', आणि 'रेगेरे' म्हणजे सरळ नेणं, मार्ग दाखवणं. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, केल्ट लोकांचा 'रिक्स'ही तोच. ज्युलियस सीझरशी लढलेल्या व्हेर्सिंजेटोरिक्सच्या नावाच्या शेवटी तो दिसतो. आपल्याकडचा 'ऋजु', म्हणजे सरळ, हाही त्याच मुळाचा मानतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला 'राजन्तमध्वराणाम्' म्हटलंय, तिथे 'यज्ञांवर सत्ता असलेला' हा अर्थ नीट लागतो. 'शोभणं' हा अर्थ पुढच्या संस्कृतात जास्त रुळला. त्यामुळे सतराव्या शतकातल्या मुद्रेत 'लोककल्याणासाठी शोभते' हेच भाषांतर घ्या. राज्य करण्याचा अर्थ त्यात सुचवलेला आहेच, तो तोंडी सांगा.

मुलांसाठी आणखी एक. सातवाहनांच्या नाण्यांवर 'रञो गोतमिपुतस' अशी अक्षरं आहेत. 'रञो' म्हणजे संस्कृतातलं 'राज्ञः', राजाचं. 'राज्ञी'ची राणी झाली, 'राजपुत्रा'चा राऊत, 'राजकुला'चं राऊळ. वर्गात एखादा राऊत किंवा राऊळ नक्की सापडेल, त्याच्यापासूनच सुरुवात करा.

धागाकर्ती

मनापासून आभार! वर्गात दोन राऊत आहेत. एक विचारायचं राहिलं: 'राव' आणि 'राया' हेही 'राजा'वरूनच आले ना? तेही फळ्यावर लिहायचेत.