गिरगाव दोन तासांत ‘करून’ टाकणाऱ्यांनो

मुगभाटकर:
काल एकाने इथे लिहिलं, ‘खोताची वाडी, केशवजी नाईक चाळ, दोन तासांत गिरगाव करून झालं. रविवारी सकाळी जा, माणसं नसतात, फोटो छान येतात.’ अहो, गिरगाव ‘करायला’ ती काय भाजी आहे? आणि माणसं असतात, झोपलेली असतात, एकच दिवस मिळतो! परवा अशाच घोळक्यातला एकजण आमच्या गॅलरीत वाळणाऱ्या पंच्याचा फोटो काढत होता. १८९३ पासून गणपती बसतोय ती चाळ बघायचीय ना? मग गणपतीत या, रांगेत उभं राहा.

पायी पार्लेकर:
पंचा प्रसिद्ध झाल्याबद्दल अभिनंदन. खोताच्या वाडीत पूर्वी ६५ घरं होती, आता निम्मीही नाहीत. ती काय आम्ही कॅमेऱ्याने पाडली?

मेट्रोग्रस्त:
मेट्रो ३ च्या गिरगाव आणि काळबादेवी स्टेशनांसाठी इमारती गेल्या, त्यावर कोणी बोलेल का? नाही. पंचा महत्त्वाचा.

ठाकूरद्वार ते डोंबिवली:
वारसा वारसा करणाऱ्यांनी एक पावसाळा चाळीत काढावा. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, माळ्याच्या टोकाला चार संडास, बादली घेऊन रांग. लाकडी जिना हलायचा, त्यावरून आई पडली. खोली विकली. पागडीची, म्हणजे रक्कम देऊन घेतलेली पण भाड्याचीच, त्यामुळे मालकाचा हिस्सा आधी गेला, उरलं त्यात डोंबिवली.

मुगभाटकर:
विकून गेलात ना? मग इथल्यांना शिकवू नका. तुमच्यासारखे गेले म्हणूनच बिल्डरचं फावलं.

ठाकूरद्वार ते डोंबिवली:
आणि आईचा गुडघा तुम्ही बसवून दिला असतात? तीस वर्षं लोकलला लटकतोय मी. हौस म्हणून नाही.

खवय्या:
भांडा खुशाल. पण खोताच्या वाडीचा धागा आणि तिथल्या अनंताश्रम खानावळीचं नाव नाही? ती बंद झाली तेव्हाच माझ्यापुरती वाडी संपली.

पायी पार्लेकर:
तुम्ही घरं बघायला जात होता की सुरमई?

खवय्या:
सुरमई. लपवायचं काय त्यात?

मुगभाटकर:
डोंबिवलीकर, गुडघ्याचं माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. बिल्डरचं नाही. पार्लेकर, तुम्ही या, पण दोघं-तिघं या, आणि दारातून आत डोकावू नका.

पायी पार्लेकर:
आज्ञा. पंचा दिसला की नजर खाली.

ठाकूरद्वार ते डोंबिवली:
नळाला पाणी अजून पहाटे पाचलाच येतं का हो?

मुगभाटकर:
साडेचारला.