अठराव्या वर्षी दोन वर्षांचं मिशन: मुलाचा निर्णय की घरच्यांचा?

खारेपाणी
आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात राहतो. आजूबाजूची बहुतेक घरं मॉर्मन, म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'ची. शेजारचा मुलगा नुकताच हायस्कूल संपवून मिशनवर, म्हणजे चर्चच्या वतीने दोन वर्षं पूर्णवेळ धर्मप्रचाराला निघालाय, ब्राझीलला. घरात लग्नघरासारखी लगबग आहे. पांढरे शर्ट, गडद सूट, दोन पावसाळे काढतील असे बूट, आणि रोज सकाळी पोर्तुगीजची घोकंपट्टी. देश त्याने निवडलेला नाही. अर्ज, डॉक्टर आणि दातांची तपासणी, बिशपची मुलाखत, आणि मग वरून नेमणूक आली. दोन वर्षं कॉलेज नाही, प्रेमप्रकरण नाही, एकट्याने कुठे जाणं नाही. चर्चने नेमून दिलेला दुसरा मिशनरी चोवीस तास सोबत. खर्च मुलाने आणि कुटुंबाने उचलायचा. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी २०२० पासून महिना ५०० डॉलर.

माझं मत: अठराव्या वर्षी हे मागणं चूक आहे. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत मुलांसाठी किमान वय १९ होतं, ते १८ वर आणलं. एक वर्ष किरकोळ वाटेल, पण पूर्वी बरीच मुलं त्या वर्षात कॉलेजला जायची, घराबाहेर राहायची, वेगळ्या विचारांच्या मुलांशी वाद घालायची आणि मग जायचं की नाही ते ठरवायची. आता शाळेच्या बाकावरून थेट विमानात. जिथे मामा, शिक्षक, मैत्रिणीची आई, सगळे 'कधी निघतोस?' विचारतात आणि 'जाणार आहेस का?' असं एकही माणूस विचारत नाही, तिथे त्या होकाराला किती वजन द्यायचं?

रानवाट
असहमत. याच देशात आईबापांच्या सहीने १७ व्या वर्षी सैन्यात भरती होता येतं. तिथे बंदूक हातात देतात, इथे पुस्तक. घरच्यांच्या दबावाचं म्हणाल तर इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या पोरांना कुणी विचारलं होतं 'जाणार आहेस का' म्हणून? दबाव नसलेला निर्णय त्या वयात कुणाच्याच वाट्याला येत नाही.

शिवाय मिळतं काय ते बघा. परकी भाषा बोलायला येते, स्वतःचे कपडे धुता येतात, आणि दिवसाला पन्नास दारं तोंडावर आपटली तरी एक्कावन्नावं ठोठावता येतं. हे कुठलं कॉलेज शिकवतं?

दोनओळी
एक्कावन्नाव्या दारामागे राहणाऱ्या माणसाचं मत कुणी घेतलंय का?

तळटीप
वयावर अडकू नका. अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून महाराष्ट्रात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचा इतिहास बघा. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून 'कॅराव्हॅन' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. त्यावर मिशनरी म्हणून निघालेली हॅरिएट न्यूएल होती, १८ वर्षांची, नुकतीच लग्न झालेली. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात राहू दिलं नाही, म्हणून ती आणि नवरा मॉरिशसकडे निघाले. वाटेत बाळ झालं आणि गेलंही. नोव्हेंबरअखेर मॉरिशसला तीही गेली, १९ वर्षांची. तिची डायरी आणि पत्रं छापली गेली आणि ती वाचून पुढे कितीतरी तरुण मुली निघाल्या. दुसऱ्या जहाजाने निघालेले त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले, तिथे मिशन उभं केलं, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले.

यांना आपण कुठे जातोय याची कल्पना होती. घरच्यांचा निरोप घेतला तो कायमचा, हे धरूनच. त्यापुढे दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलाची चिंता मला जरा जास्तच वाटते.

उपासना_न
तळटीप, त्याच इतिहासातून मी उलट निष्कर्ष काढते. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती, त्यामुळे मिशनरी म्हटलं की मला कपाळावर आठ्या घालता येत नाहीत आणि हारही घालता येत नाहीत. पण जे काम टिकलं ते राहिलेल्यांचं. मराठी शिकायला त्यांनी वर्षं घातली, शाळा चालवल्या, १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. वाद घातले, वादात हरलेही, पण उद्या समोरच्याच गल्लीत तोंड दाखवायचं होतं. ती जबाबदारी असते.

दोन वर्षांच्या मिशनमध्ये ती कुठून येणार? परदेशी भाषेचं प्रशिक्षण जेमतेम काही आठवड्यांचं. मग दर सहा आठवड्यांनी बदल्यांची फेरी, आज हे गाव, उद्या दुसरं. भाषा जिभेवर बसते तोवर परतीचं तिकीट. एखाद्या बाईने तुमच्या सांगण्यावरून धर्म बदलला, तिचं माहेर तुटलं, तर पुढच्या वर्षी तिच्या दारात उभं राहायला तुम्ही नसता. माझा आक्षेप वयाला नाही, मुदतीला आहे. आणि हो, ज्यांना खरंच सेवा करायची आहे त्यांना घरी राहून करता येणारं सेवा-मिशनही याच चर्चमध्ये आहे. त्याला परदेशातल्या नेमणुकीइतका मान आहे का, हे युटावाल्यांनी सांगावं.

खारेपाणी
नाही. कागदावर दोन्ही सारखे, गल्लीत नाहीत. परदेशी नेमणूक आली की सगळं खानदान जमून ती वाचली जाते.

तळटीप, साप्ताहिक कॉलची सवलत फेब्रुवारी २०१९ पासूनची. त्याआधी घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. आणि धोका आजही आहेच. रशियाने २०१६ मध्ये प्रचारावर निर्बंध आणले, तेव्हा तिथे जाणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हणू लागले. २०१९ मध्ये नोव्होरोसिस्कला अशा दोन अमेरिकन तरुणांना परवान्याशिवाय इंग्रजी शिकवल्याच्या आरोपावरून काही आठवडे डांबून देशाबाहेर काढलं.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. चार महिन्यांत ज्याला झेपत नाही, झोप उडते, रडू येतं, त्याचं काय? परतलेल्या अशा मुलाबद्दल इथे आवाज खाली करून बोलतात. आजारी पडून आला की 'खरंच आजारी होता का?' असं विचारतात. म्हणजे जायचा निर्णय त्याचा मानला, तरी परत यायचा निर्णय त्याचा राहत नाही.

दोनओळी
हे लग्नासारखंच झालं की.

रानवाट
परतणाऱ्यांबद्दलचं मान्य. पण ते वय वाढवून सुटत नाही. १९ व्या वर्षी जाऊन लवकर आलेल्यांनाही हेच ऐकावं लागायचं. दोष गल्लीचा आहे आणि गल्लीतच दुरुस्त करायला हवा. निघण्याआधी मुलाला चर्चमध्ये उभं राहून भाषण करावं लागतं ना? तिथेच बापाने चारचौघांत म्हणावं, 'नाही जमलं तर ये, घर आहे.' एवढं म्हणायची त्याची तयारी नसेल तर मग मुलगा १८ चा असो की २५ चा, मी खारेपाणींच्या बाजूने.

उपासना_न
बापाने म्हटलं तरी त्या बाईच्या दाराचा प्रश्न तसाच उरतो, रानवाट. त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.