टक्का सारखा, पगार कुठं सारखा?
एकानं लिहिलं की महागाई भत्त्याचा टक्का केंद्र-राज्य सारखाच हाय मग राज्याचे कर्मचारी रडता कायले, पण भाऊ टक्का लागते कशावर ते पाहा ना, सातव्या वेतन आयोगात केंद्राचं किमान मूळ वेतन १८,००० अन महाराष्ट्राचं १५,०००, म्हणजे भत्ता ५० टक्के धरला तर तिकडं ९,००० अन इकडं ७,५००, मूळ वेतन धरून एकूण फरक ३,००० चा थेट ४,५०० झाला. जुन्या पगाराले ज्यानं गुणून नवा काढला तो गुणक दोघांलेही २.५७ च होता. पण आपला शिपाई सहाव्या आयोगातच ४,४४० अन ग्रेड पे (पदानुसार मूळ पगारात मिळवायची रक्कम) १,३०० वर होता, तिथंच मागं पडला. मूर्तिजापूरले रेल्वेचा ट्रॅकमन अन तहसीलचा शिपाई एकाच दुकानातून तूरडाळ घेतात, भाव दोघांलेही तोच लागते! घरभाडंही मूळ वेतनावरच. म्हणून आता आठव्या आयोगाच्या वेळी संघटनांनी टक्क्याचं सोडून हे १५,००० चं किमान वेतन वाढवण्यावरच अडून बसलं पाहिजे.