देवगड हापूस थेट विकतो, पण गुगलवर दिसतच नाही. जाहिरात न देता काय करता येईल?

बागवाला_देवगड

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. दलालाकडे पेटी न टाकता पुण्या-मुंबईला घरपोच विकतो. वर्डप्रेसवर साइट आहे, ओळखीच्या एका डिझायनरने करून दिलेली. पण तिच्यावरून ऑर्डर अशी येतच नाही. जे येतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीपाळखीतून. मार्च-एप्रिलात गुगलला जाहिरात देतो, पण तेव्हा सगळेच बोली लावत असतात. क्लिकच्या भावातच पेटीचा नफा जातो.

आता सीझन संपलाय, पाऊस लागलाय, हाताशी वेळ आहे. एक एजन्सी म्हणते ५०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका) आणि गुगलच्या 'पहिल्या पानाची गॅरंटी'. घ्यावं का? आणि साइट मराठीत ठेवू की इंग्रजीत?

खडूस_कोकणी

एजन्सीला आधी नारळ द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने लिहून ठेवलंय. आणि विकतच्या लिंका म्हणजे दुखणं विकत घेणं. २०१२ मध्ये गुगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला तोच असल्या साइट खाली ढकलण्यासाठी. आता तर बहुतेक वेळा त्या लिंका मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे खाडीत.

मुळात गुगलला तुमची साइट दिसते का ते बघा. शोधात इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन, आणि जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. तिथे शोधयंत्रांना साइटपासून लांब ठेवणारी एक टिक असते. काम चालू असताना डिझायनर ती लावतात आणि मग तशीच राहते. सर्च कन्सोलही जोडून घ्या, आपली साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन, फुकट आहे.

बागवाला_देवगड

टिक नाहीये. पण पानं तीनच आली. पहिल्याचं नाव नुसतं 'होम'. भावाचं पान तर आलंच नाही.

उंबरठा

तुमची साइट बघून आले. (व्यक्तिगत निरोपात साइटचा पत्ता दिलात ते बरं केलंत.) भावाचं पान आलं नाही कारण त्या पानावर एक जेपीजी सोडून काही नाहीच. दर, पेटीचे आकार, पोचवण्याचे दिवस, सगळं त्या चित्रात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला ते ठीक, पण गुगलला वाचायला अक्षरं लागतात. तेच सगळं साधं टाइप करून टाका. चित्र खाली राहू दे हवं तर.

'होम'चं म्हणाल तर शोधात जी निळी ओळ दिसते ती बहुतेकदा याच शीर्षकावरून येते. 'होम' वाचून कोण कशाला आत येईल? 'देवगड हापूस घरपोच, पुणे व मुंबई, थेट बागेतून' असं काहीतरी करा. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक. डिझायनरने 'मेटा कीवर्ड'च्या रकान्यात आंब्याची पन्नास नावं कोंबली आहेत, त्यांचा काही उपयोग नाही. गुगल तो रकाना बघत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. लोक शोधात कोणते शब्द टाकतात ते सांगणारी कीवर्डची महागडी टूल्स वगैरे घेऊ नका. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि गेल्या सीझनला लोकांनी काय काय विचारलं ते वहीत उतरवा. पेटीत किती डझन? एक फळ किती ग्रॅमचं? कच्चा पाठवता की तयार? अढी कशी घालायची, पेंढा नसेल तर काय? फ्रिजमध्ये कधी ठेवायचा? कापल्यावर साका (आतला पांढरट, स्पंजसारखा खराब गर) निघाला तर पैसे परत का? कर्नाटकचा हापूस कसा ओळखायचा? हेच प्रश्न लोक गुगललाही विचारतात, आणि याची उत्तरं बागवाल्याइतकी कोणाला माहीत असणार!

एकेका मोठ्या प्रश्नाला एकेक पान द्या. साक्याचंच घ्या. तो बाहेरून कळत नाही, फळ कापल्यावरच दिसतो. हे प्रामाणिकपणे लिहा, कापलेल्या फळाचा तुम्ही काढलेला फोटो टाका, आणि असं फळ निघालं तर तुम्ही काय करता ते स्पष्ट सांगा. असं पान विक्रेते सहसा लिहीत नाहीत, कारण खोट दाखवायला लागते. म्हणूनच ते वर येण्याची शक्यता जास्त.

एक खबरदारी. तुमच्या साइटवर 'जीआय (भौगोलिक मानांकन) फक्त देवगडला' अशा अर्थाची ओळ आहे ती काढा. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. जाणकार गिऱ्हाईक तेवढ्यावरून बिचकतं.

भाषा: दोन्ही, पण वेगवेगळ्या पानांवर. मराठी माणूससुद्धा बरेचदा रोमनमध्ये 'हापूस आंबा प्राइस' असंच टाइप करतो. इंग्रजी पान भाषांतर यंत्रातून काढून तसंच चिकटवू नका, बंगळुरूच्या माणसाला अढी म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागेल. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवी वाटते.

लोणावळा_लोकल

फोटोंबद्दल कोणी बोललं नाही. मोबाइलवर पहिला फोटो यायलाच युग लागतंय. कॅमेऱ्यातून निघालेले फोटो तसेच चढवलेले दिसतात. वेबपी या हलक्या फाइल प्रकारात बदलून, रुंदी कमी करून टाका. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गुगलची अपेक्षा असते.

सगळं_व्यर्थ

उगाच कष्ट करताय राव. आता गुगल वरच एआयने उत्तर देऊन टाकतं. 'आंबा कसा पिकवायचा' विचारलं की खाली साइटवर जातंय कोण?

उंबरठा

अर्धं खरं आहे. भारतात २०२४ च्या ऑगस्टपासून ती एआय उत्तरं यायला लागली, आणि माहितीच्या पानांवरचे क्लिक त्यामुळे कमी होतात. पण 'देवगड हापूस पुणे घरपोच' शोधणाऱ्याला आंबा हवाय, निबंध नको. एआय काही पेटी पाठवत नाही. म्हणून माहितीच्या प्रत्येक पानावरून ऑर्डरच्या पानाकडे लिंक हवी.

खडूस_कोकणी

+१. शिवाय गुगल बिझनेस प्रोफाइल काढा, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची फुकट नोंद. दुकान नसेल तर घरचा पत्ता लपवून नुसता सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. नावात 'बेस्ट देवगड हापूस होम डिलिव्हरी' असलं शेपूट लावू नका, नियमात बसत नाही. पेटी पोचली की गिऱ्हाइकाला रिव्ह्यूची लिंक पाठवा, पण 'रिव्ह्यू द्या, अर्धा डझन फुकट' हे अजिबात नको. तेही नियमाबाहेर.

बागवाला_देवगड

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. पुणे, नाशिक, ठाणे अशी शहरवार पानं करू का? आणि जूनमध्ये ऑर्डर बंद झाली की आम्ही भावाचं पान काढून टाकतो, मार्चमध्ये नवीन करतो, सालाच्या नावाने. चालेल ना?

उंबरठा

दुसरं आधी, कारण तुमचं निम्मं नुकसान तिथेच होतंय. पान काढलं की त्याने वर्षभरात जे काही कमावलं ते गेलं, आणि नवं पान ऐन सीझनमध्ये शून्यापासून सुरू. पत्ता एकच ठेवा, त्यात साल नको. साल फक्त शीर्षकात आणि मजकुरात बदला. जूनमध्ये तिथे लिहा, 'यंदाचा आंबा संपला, पुढच्या सीझनसाठी नंबर नोंदवा.' मोहोर आला की फोटो टाका, फळ धरलं की अंदाज लिहा. लोक फेब्रुवारीतच भाव शोधायला लागतात, तेव्हा तुमचं पान जिवंत असलं पाहिजे. जुनी सालवार पानं ३०१ रीडायरेक्टने (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) या एका पानावर वळवा. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी फुकट प्लगइन मिळतात.

घाईही करू नका. असल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलवालेच सांगतात. म्हणजे मार्चसाठी आत्ताच लिहायला बसायला हवं.

शहरवार पानांचं: तोच मजकूर आणि फक्त शहराचं नाव बदललेलं असेल तर नको, गुगल त्याला डोअरवे म्हणतं, म्हणजे नुसती शोधात वर येण्यासाठी केलेली एकसारखी पानं, आणि तो प्रकार स्पॅममध्ये मोडतो. पुण्याला गाडी कुठल्या वारी येते, कोथरूडला कुठे उचलता येतं, असं खरोखर वेगळं सांगण्यासारखं असेल तरच पुण्याचं पान करा. नाशिकला माल कुरिअरनेच जात असेल तर भावाच्या पानावर एक ओळ पुरे.