शिबिराची भट्टी दुसऱ्या आठवड्यात विझते, रोजचं काय करायचं?

खडकी_लोकल
जय ख्रिस्त. तरुण संघाची पोरं तीन दिवसांच्या शिबिरातून भारावून येतात. रोज पहाटे ४ ला तासभर प्रार्थना, वर्षात अख्खं बायबल, असे संकल्प सोडतात. दुसऱ्या आठवड्यात हिंजवडीची शिफ्ट नि पावसातलं ट्रॅफिक सुरू झालं की सगळं बंद, मग रविवारी उपासनेलाही तोंड चुकवतात. रोज नेमकं काय, किती, केव्हा? 'प्रार्थना करत राहा' सोडून काहीही सांगा.

पेटीमास्तर
घोटाळा त्या एका तासातच आहे. शिबिरात घंटा दुसरं कुणी वाजवतं, चहा हातात येतो, फोन जमा असतो. घरी यातलं काहीच नसतं. चौथ्या दिवशी खाडा पडतो, खाड्याची लाज वाटते, आणि लाजेपायी चर्चची पायरी टाळली जाते. भावना ओसरण्यापेक्षा ही लाजच जास्त नुकसान करते.

१५ मिनिटं धरा: पाच वाचन, पाच गप्प बसणं, पाच प्रार्थना. वेळ घड्याळाला नाही, रोज होणाऱ्या कामाला बांधा. गिझर लावला की बसायचं. बायबल कागदाचं घ्या. मोबाइलवर दुसऱ्या वचनाला व्हॉट्सॲप वाजतं. पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने वाचन जमत नाही, पण २३ वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे, ते पाठ असलं की संचेती ते शिवाजीनगर एवढ्या अंतरात दोनदा होतं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात नको. पुढच्याच निर्गम पुस्तकात २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं लागतात, तिथे बहुतेकांची गाडी रुतते. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला की महिनाभरात होतो. सोबत स्तोत्रं तारखेने वाचा: आज ५ तारीख असेल तर ५, ३५, ६५, ९५, १२५ यांतलं कुठलंही एक. खाडा पडला तर मागचं भरायला जाऊ नका, आजची तारीख उघडा.

वहीत रोज तीनच ओळी: तारीख, हाताने उतरवलेलं एक वचन, आणि एक नाव, त्या माणसासाठी काय मागितलं त्यासकट. 'सर्वांना आशीर्वाद दे' लिहिलं तर महिन्याने तपासणार काय?

नगररोडकर
मी कॅथलिक, तरी हे सगळ्यांच्या कामाचं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. आणि मन भरलेलं असतानाच पुढच्या कोरड्या दिवसांची तयारी करून ठेवायची. म्हणजे शिबिराच्या शेवटच्या दुपारी गाणी थोडी कमी करून प्रत्येकाकडून लिहून घ्या: कुठे बसणार, कोणत्या कामाआधी, बुधवारी रात्री फोन कुणाला. फोन एकालाच, दहा मिनिटं. ग्रुप नको, तिथे गुड मॉर्निंगची चित्रंच येतात.

आणि झोप! रात्रभर जागरणं करून आलेली पोरं सोमवारी गळून जातात आणि त्यालाच आत्मिक संकट समजतात. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूताने उपदेश केला नाही. दोनदा भाकर-पाणी दिलं, मध्ये झोपू दिलं (१ राजे १९). पण झोप, भूक दोन आठवडे उडालेली असेल तर डॉक्टरकडे न्या, नुसती प्रार्थना पुरेशी धरू नका.

दौंड_पॅसेंजर
केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सगळे सांगतात, त्याच्या मागचं-पुढचं कुणी सांगत नाही. ते झालं जून १९०५ ला, त्याआधी मुक्तीतल्या बायका कित्येक महिने रोज प्रार्थनेला जमत होत्या. आणि पुढे? पंडिता रमाबाई वर्षानुवर्षं हिब्रू-ग्रीकमधून बायबल मराठीत आणत बसल्या, मुक्तीच्या छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. रमाबाई १९२२ ला गेल्या, अख्खं बायबल छापून झालं १९२४ ला. पोरांना काम द्या हो. खुर्च्या लावणं, रविवारच्या शाळेतला एक वर्ग, काहीही. कोण आलं नाही ते मग आपोआप कळतं.

खडकी_लोकल
धन्यवाद मंडळी. पेटीमास्तर, २९ तारखेला ११९ वं येतं की. १७६ वचनं पाच मिनिटांत?

पेटीमास्तर
त्या दिवशी २९, ५९, ८९ किंवा १४९ घ्या. ११९ चे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, ३१ तारखेला त्यातला एक.